गंजलेली हत्यारं: खंडेनवमीच्या आधी करायचं काम

नवरात्र बसलं की बेळगाव-खानापूरकडच्या घरांत माळ्यावरची आणि गोठ्याच्या भिंतीत खोचलेली हत्यारं खाली उतरतात. चार महिने पावसाळी हवा खाल्लेली खोरी, खुरपी, कोयते, विळे, पाने, पकडी. खंडेनवमीला त्यांची पूजा असते आणि पाठोपाठ भातकापणी आणि उसाचा हंगाम लागतो, त्यामुळे गंज काढायचं काम वर्षातून एकदा ठरलेलंच. बहुतेक ठिकाणी ते असं उरकतं: पॉलिश पेपरचा तुकडा घ्यायचा, पात्याचा दिसणारा भाग घासायचा, हळदकुंकू वाहायचं. दिवाळीच्या आत पातं पुन्हा तांबडं. घासणं जमलेलं असतं, पण घासल्यावर किंवा धुतल्यावर पुढची दहा मिनिटं काय करायचं हे माहीत नसतं. खाली त्यासाठी वेगळा भाग आहे. घाई असेल तर बाकीचं वरवर वाचा, तो भाग नीट वाचा.

आधी हत्यार हातात घेऊन बघा

बोट फिरवल्यावर तांबडी पूड हाताला लागते तो वरवरचा गंज. तो तेल आणि जाड कापडानेही निघतो, त्याला औषधपाण्याची गरज नाही. पापुद्रे सुटले असतील, नख घातल्यावर खपली उचलली जात असेल, तर तो मुरलेला गंज. तो आधी खरवडून काढावा लागतो आणि मग भिजवावा लागतो. तिसरी अवस्था खळग्यांची. गंजाने धातू खाल्लेला असतो, आणि गंज निघाला तरी खळगा भरून येत नाही. खोऱ्याच्या पाठीवर खळगे असले तरी काही बिघडत नाही. पटाशीच्या किंवा रंध्याच्या पात्याच्या धारेपर्यंत खळगे पोचले असतील, तर धार मागे नेऊन चांगला धातू लागेपर्यंत घासावं लागेल.

निळसर-काळा, गुळगुळीत, घट्ट बसलेला थर दिसला तर तो काढू नका. तोही लोखंडाचाच ऑक्साइड, पण तो आतल्या धातूला थोडंफार राखतो. तांबडं तेवढं काढायचं आणि काळं राहू द्यायचं. हत्यार आरशासारखं चमकवायच्या नादात नवखे लोक हा थर घासून टाकतात आणि उघडा पडलेला धातू आठवड्यात गंजतो.

काही वस्तूंच्या वाटेला जाऊच नये. वजन उचलायची साखळी, चेन-पुलीचा हूक, जॅकचा स्क्रू यांना खोल गंज लागला असेल तर साफ करून वापरणं जिवावरचं काम आहे, ते भंगारात घाला. देवघरातली किंवा वाड्यातली जुनी तलवार, कट्यार कुठल्याही द्रावणात बुडवू नका. त्यावरचे नक्षी, ठसे आणि सोन्याचांदीचं काम एका रात्रीत जाईल. कोरड्या मऊ कापडाने पुसायची, वर हलका तेलाचा हात द्यायचा, बस्स.

माती, तेल आणि मूठ

गंज काढायचं द्रावण (पुढे सांगितलेलं आम्लाचं पाणी) तेलाच्या खाली शिरत नाही. पान्यावर जुनं ग्रीस असेल तर ग्रीसखालचा गंज जागच्या जागी राहतो आणि बाहेर काढल्यावर ठिपके ठिपके दिसतात. म्हणून आधी भांड्याच्या साबणाने आणि गरम पाण्याने खसखसून धुवा. ग्रीस वाळून चिक्की झालं असेल तर डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने सोडवा, मग साबण. पूर्वी यासाठी रॉकेल वापरायचे. रेशनचं रॉकेल आता सहसा मिळत नाही, पण डिझेलने तेच काम होतं.

लाकडी मूठ आणि दांडा जमेल तिथे काढून ठेवा. लाकूड आम्ल पितं आणि नंतर मुठीच्या आतून हत्याराचा दांडका गंजवत राहतं. निघत नसेल तर हत्यार मूठ वर ठेवून भिजवा. पितळी बोल्ट, तांब्याचे वायसर, ॲल्युमिनियमचे भाग वेगळे करा. पितळ आणि लोखंड एकाच आम्लात पडलं की पितळातलं तांबं सुटून लोखंडावर गुलाबी साय धरते. ती मग पॉलिश पेपरनेच निघते. ॲल्युमिनियम तर विरघळायलाच लागतं. जस्ताचा मुलामा असलेली बादली किंवा पत्रा आम्लात घातला तर गंजाच्या आधी मुलामाच जातो.

सुटे करताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पक्कड एकदा जुळवता येते, जुन्या सामत्याचे (भोक पाडायच्या हत्याराचे) सात भाग फोटोशिवाय जुळवताना दुपार जाते.

कोरडं घासणं

खपल्या आधी बोथट पटाशीने किंवा जुन्या सुरीने उडवा. मग तारेचा ब्रश. पितळी तारेचा ब्रश धातूला ओरखडे पाडत नाही, लोखंडी तारेचा पाडतो, तो खोरी-कुदळींपुरता ठीक. पॉलिश पेपर कोरडा वापरण्यापेक्षा वॉटर पेपर डिझेलमध्ये किंवा पातळ तेलात बुडवून वापरा. धूळ उडत नाही आणि पेपर भरत नाही. सुरुवात १२० नंबरने, मग २२०, हवं असेल तर ३२०. थेट ४०० ने सुरू केलं तर हात दुखतील आणि गंज तिथेच असेल.

अँगल ग्राइंडरवर तारेचा कप लावून काम झटपट होतं, म्हणूनच त्याने सगळ्यात जास्त हत्यारं खराब होतात. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. कपावर छापलेला वेग त्याहून कमी असेल तर तो कप लावू नका. तारा सुटून सुईसारख्या उडतात, त्यामुळे डोळ्यावर चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि गळ्यात मफलर-टॉवेल काही नको. दुसरी गोष्ट उष्णतेची. पातळ पात्यावर कप एका जागी धरला की कड निळी पडते. निळा रंग दिसला म्हणजे धातू साधारण ३०० अंशांपर्यंत गेला आणि लोहाराने दिलेलं पाणी, म्हणजे पात्याचा कडकपणा, तिथे उतरलं. त्या जागची धार पुन्हा टिकत नाही. कोयता, विळा, पटाशी, करवत यांच्या धारेजवळ ग्राइंडर नकोच. गंज जाळायला गॅसवर तापवणं तर त्याहून वाईट.

जुन्या मशीनवर जुना रंग असेल तर तो कोरडा घासू नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि ती धूळ छातीत जाते. ओलं करून घासा, तोंडावर मास्क ठेवा.

लिंबूसत्त्वाचं पाणी

घरगुती कामासाठी हाच सगळ्यात भरवशाचा मार्ग. सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात लिंबूसत्त्व किंवा लिंबूफूल म्हणून मिळणारे पांढरे खडे. चिकोडी, गोकाककडच्या दुकानात कानडीत सांगायचं झालं तर ‘तुक्कु’ काढायला हवंय म्हणा. तुक्कु म्हणजे गंज. पण तेवढंच म्हणून थांबू नका, नाहीतर संडास धुवायच्या ॲसिडची बाटली हातात पडेल. ती का नको ते शेवटी सांगितलं आहे.

प्रमाण: १ लिटर पाण्याला ५० ग्रॅम. कोयता आडवा मावेल अशा प्लॅस्टिकच्या घमेल्यात ५ लिटर पाणी लागतं, म्हणजे पाव किलो. पाणी कोमट हवं, हात घालवेल इतपत. थंड पाण्यातही काम होतं, फक्त वेळ दुप्पट लागतो. खडे पूर्ण विरघळू द्या, मग भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाका. साबणामुळे पाणी खपलीखाली शिरतं.

हत्यार पूर्ण बुडलं पाहिजे. अर्धं वर राहिलं तर पाण्याच्या रेषेवर आम्ल जास्त खातं आणि पात्यावर कायमची आडवी रेघ उमटते. लांब कोयता मावत नसेल तर जाड प्लॅस्टिकची पिशवी किंवा एका टोकाला बूच मारलेला पीव्हीसी पाइप घ्या.

पहिल्या पंधरा मिनिटांत काही होत नाहीसं वाटतं. मग पात्यावर मोहरीएवढे बुडबुडे धरायला लागतात, पाणी आधी पिवळं आणि नंतर हिरवट होतं. तासाभराने बाहेर काढून जुन्या दातांच्या ब्रशने घासलं की तांबडं चिखलासारखं सुटतं आणि खालून करडा, निस्तेज धातू दिसतो. जुन्या कोयत्यावर लोहाराने मारलेला ठसा असेल तर तो याच वेळी वर येतो, पॉलिश पेपरने घासला असता तर गेला असता. राहिलेल्या ठिकाणांसाठी पुन्हा बुडवा. हलका गंज १ ते २ तास, मुरलेला ८ ते १२ तास. दर दोन-तीन तासांनी काढून ब्रश मारला तर निम्म्या वेळात होतं, कारण सुटलेला चिखल बाजूला झाल्याशिवाय नवं आम्ल गंजापर्यंत पोचत नाही.

रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी विसरलात, गावाला गेलात, तर हत्यार काळं आणि खरखरीत झालेलं सापडेल. गंज संपला की आम्ल लोखंडाला धरतं. वेळ देता येत नसेल तर सोड्याची तोड आहे: १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम लिंबूसत्त्व आणि त्यात थोडा थोडा करून ६० ग्रॅम धुण्याचा सोडा. फेस जोरात उसळतो म्हणून भांडं मोठं घ्या आणि सोडा चमच्याचमच्यानेच टाका. आम्लाचा बराच जोर मरतो, पण गंज धरून ठेवायची लिंबूसत्त्वाची ताकद राहते. हे द्रावण दिवसभर ठेवलं तरी चांगल्या धातूला फारसं लागत नाही. खाण्याचा सोडा नव्हे, धुण्याचा.

व्हिनेगरनेही काम होतं. बाजारातलं पांढरं व्हिनेगर पाणी न घालता वापरा आणि १२ ते २४ तास धरा. वास घरभर होतो आणि मोठ्या वस्तूला महाग पडतं. चिंच आणि मीठ तांब्या-पितळेच्या भांड्यांना ठीक आहे. लोखंडाला मीठ लावणं म्हणजे पुढच्या गंजाचं बी पेरणं.

वापरलेलं पाणी विहिरीच्या, गोठ्याच्या किंवा झाडांच्या जवळ ओतू नका. फेस यायचा थांबेपर्यंत धुण्याचा सोडा टाका, मग भरपूर पाण्यासोबत रिकाम्या जागेवर ओता.

धुतल्यानंतरची दहा मिनिटं

आम्लातून निघालेला धातू पूर्ण उघडा असतो. त्याच्यावर ना तेल, ना काळा थर. ओला असताना हवा लागली की डोळ्यादेखत पिवळसर झाक धरते. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, जिथे पावसाळ्यात भिंतींना शेवाळ धरतं, तिथे ही झाक पाच मिनिटांतसुद्धा येते. अथणी-रायबागच्या कोरड्या हवेत थोडी सवड मिळते, एवढंच. म्हणून घमेल्यातून हत्यार काढायच्या आधी पुढचं सगळं मांडून ठेवा. एका वेळी एकच हत्यार काढायचं, दहा एकदम नाही.

१. बादलीत ५ लिटर पाणी आणि ५ मोठे चमचे खाण्याचा किंवा धुण्याचा सोडा. हत्यार त्यात बुडवून ब्रशने घासा, खाचा आणि बिजागरीसकट. खाचेत राहिलेलं आम्ल महिन्याभराने गंज बनून बाहेर येतं.

२. लगेच कढत पाण्यातून काढा. धातू तापला की त्यावरचं पाणी आपोआप वाळतं. थंड पाण्याने धुतलं तर पुसल्यावरही ओल राहते.

३. सुक्या सुती कापडाने पुसा आणि हेअर ड्रायर, दुपारचं कडक ऊन किंवा चुलीची उब द्या. हाताला सोसेल इतकंच गरम. पक्कड, कात्री यांची बिजागरी उघडझाप करत वाळवा.

४. गरम असतानाच तेल. सांध्यांत आधी डब्ल्यूडी-४० हे फवारायचं तेल मारलं तर ते उरलेलं पाणी बाहेर ढकलतं. पण त्याचा थर फार पातळ असतो, त्यावर भरवसा ठेवून हत्यार पावसाळाभर ठेवू नका. वर शिलाई मशीनचं तेल किंवा इंजिन ऑइल फडक्याने पुसा. इंजिन ऑइल नवं घ्या. गाडीतून काढलेल्या काळ्या तेलात आम्ल आणि धातूचा कीस असतो, आणि ते कातडीलाही वाईट.

झाक आलीच, तर घाबरू नका. तेलात बुडवलेल्या बारीक स्टील वूलने दोन हात मारले की जाते. पुन्हा आम्लात घालायची गरज नाही.

शेंगतेल किंवा सरकीचं तेल हत्याराला लावून ठेवू नका. महिन्या-दोन महिन्यांत ते चिकट होतं आणि त्याला धूळ धरते. स्वयंपाकघरातल्या वस्तूंचं वेगळं. विळी, बीडाचा तवा, आप्पेपात्र यांना मशीनचं तेल लावायचं नाही. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात अर्धा-एक तास, सोड्याने धुणं, चुलीवर पूर्ण वाळवणं, मग तव्यावर जवसाच्या किंवा घरातल्या तेलाचा इतका पातळ हात की पुसून काढल्यासारखा दिसावा, आणि धूर निघेपर्यंत तापवणं. असं तीन-चार वेळा. तेल जाड लावलं तर तवा चिकट होतो आणि भाकरी धरून ठेवतो. विळीच्या पात्याला मात्र तापवायचं नाही, तिचं पाणी उतरेल. तिला नुसता तेलाचा हात. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात फेकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उन्हात पसरून वाळवा आणि मग टाका.

बॅटरी चार्जर वापरून

नांगराचा फाळ, व्हाइस, बीडाचं जुनं मशीन, खाचाखोचा असलेले भाग यांना आम्लापेक्षा वीज बरी. ती फक्त गंज सोडवते आणि चांगल्या धातूला हात लावत नाही.

प्लॅस्टिकच्या टबात २० लिटर पाणी, त्यात १०० ते १५० ग्रॅम धुण्याचा सोडा. मीठ घालायचं नाही, त्याने क्लोरीन वायू सुटतो. टबाच्या आतल्या बाजूंना साध्या लोखंडाच्या पट्ट्या किंवा सळया उभ्या करा आणि त्या सगळ्या तारेने एकमेकींना जोडा. यातलं साधं लोखंड हे शब्द महत्त्वाचे. स्टेनलेस स्टीलचा चमचा किंवा ताटली लावली तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. जस्ताचा पत्राही नको. गंजलेली वस्तू मध्ये दोरीने टांगा, पट्ट्यांपासून ५ ते १० सेंटिमीटर अंतरावर. कुठेही चिकटू देऊ नका.

१२ व्होल्टचा साधा बॅटरी चार्जर घ्या. लाल चिमटा भंगार पट्ट्यांना, काळा चिमटा आपल्या वस्तूला. उलट जोडलंत तर भंगार शाबूत राहील आणि तुमचा फाळ झिजेल. ही चूक सगळ्यांत सर्रास होते. काळा चिमटा जिथे लावायचा तेवढी जागा घासून चमकवा, गंजावर लावला तर वीज वाहतच नाही. लाल चिमटा पाण्याच्या वर ठेवा. आधी जोडणी, मग बटण. टबात हात घालायच्या आधी बटण बंद. आजकालचे आपोआप बंद होणारे चार्जर समोर बॅटरी दिसली नाही की सुरूच होत नाहीत, त्यासाठी जुन्या पद्धतीचा चार्जर लागतो.

सुरू झालं की वस्तूवरून बारीक बुडबुड्यांची साय वर येते. तो हायड्रोजन. काम अंगणात करा, बंद खोलीत नाही. जवळ विडी, चूल, ठिणगी नको. २ ते ५ अँपिअर पुरे. ६ ते १२ तासांत तांबडा गंज काळ्या भुकटीत बदलतो आणि ब्रशने धुऊन निघतो. जी बाजू पट्टीसमोर असते तीच नीट साफ होते, म्हणून पट्ट्या चारी बाजूंनी हव्यात किंवा वस्तू मध्येच फिरवावी. भंगारावर चिखल जमला की करंट पडतो, पट्ट्या खरवडून पुन्हा लावा.

स्प्रिंग, पट्टीची स्प्रिंग, खूप कडक बोल्ट या मार्गाने किंवा आम्लात साफ करू नका. हायड्रोजन आत शिरून ते ठिसूळ होतात आणि पुढे ताणात तुटतात. त्यांना तेल आणि ब्रश.

नदीकाठच्या पंपसेटचं काय, हा प्रश्न २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर कृष्णा-दूधगंगेच्या काठावर घरोघरी आला. पंपाचं बीडाचं घर, इम्पेलर, फूटव्हॉल्व्ह सुटे करून वरच्या पद्धतीने साफ होतात, इम्पेलर पितळी असेल तर तो वगळून. मोटर मात्र रिवायंडिंगवाल्याकडे. ती धुऊन घरी वाळवून चालू करणं म्हणजे वाइंडिंग जाळणं. मोठे जड भाग असतील तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत शॉट ब्लास्टिंग (बारीक लोखंडी गोळ्यांचा मारा) करून घेणं स्वस्त पडतं. त्यांना बेअरिंगच्या जागा आणि आटे टेप लावून झाकायला सांगा, आणि पातळ पत्रा देऊ नका, तो वाकतो.

धरून बसलेला नट

गंज लोखंडापेक्षा कैक पट जास्त जागा घेतो. आट्यांच्या फटीत तो फुगला की नट जणू वेल्डिंग केल्यासारखा बसतो. अशा नटाला लांब पाइप लावून जोर लावला की बोल्टच तुटतो. ८ मिलिमीटरचा बोल्ट तर हाताच्या जोरानेच जातो.

आधी बाहेर दिसणारे आटे तारेच्या ब्रशने साफ करा. डिझेल आणि पॉवर स्टिअरिंगचं ऑइल निम्मं निम्मं मिसळून ड्रॉपरने सोडा. मग हलक्या हातोडीने नटाच्या सहाही बाजूंना टकटक करा, आठ-दहा वेळा. हे टकटक करणं तेलाइतकंच महत्त्वाचं, त्याने गंजाला तडे जातात आणि तेल आत ओढलं जातं. सहा तास थांबा, पुन्हा तेच. दोन दिवस गेले तरी चालतील.

सोडवताना बारा कोनी रिंग पाना न वापरता सहा कोनी सॉकेट घ्या, कोपरे घसरत नाहीत. पहिला झटका घट्ट करायच्या दिशेला, केसभर. तिथे ‘कट्’ असा आवाज आला तर निम्मं काम झालं. मग उलट. पाव फेरा सुटला की अर्धा पाव परत आत, तेल, पुन्हा बाहेर. एकदम काढत गेलं तर सुटलेला भुगा आट्यांत अडकून पुन्हा जाम होतं.

तरीही हलत नसेल तर उष्णता. तेल-डिझेल पुसून टाका, रबरी सील आणि बेअरिंग जवळ नसल्याची खात्री करा आणि ज्योत नटावर धरा, बोल्टवर नाही. नट फुगतो आणि फट पडते. त्या वेळी आट्याजवळ मेणबत्ती टेकवली तर मेण वितळून आत शिरतं. शेवटचा उपाय छिन्नीने नट फोडणं. नवा नट दहा-वीस रुपयांत येतो, बोल्ट वाचला म्हणजे झालं. आणि सगळं करायच्या आधी आटे उलटे नाहीत ना ते बघा. सायकलचं डावं पेडल आणि बेंच ग्राइंडरचा डावा नट उलट्या आट्यांचे असतात. त्यांना नेहमीच्या दिशेने सोडवणारा माणूस तासभर ते घट्ट करत बसतो.

काही वस्तूंच्या खोडी

करवतीचं पान सपाट लाकडी ठोकळ्यावर २२० नंबरचा वॉटर पेपर गुंडाळून, डिझेल लावून, लांबीच्या दिशेने घासा. गोल गोल घासलं तर पान अडतं. दातेरी विळ्याला कानस लावू नका, दात जातात. तासभर भिजवून दातांच्या ब्रशने साफ करा. गंजलेली कानस मात्र आम्लात छान सुधारते. व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवली की दातांतली घाण निघते आणि धारही थोडी परत येते. लोखंडी तारेच्या ब्रशने ती घासणं म्हणजे दात बोथट करणं. व्हर्नियर, मायक्रोमीटर कधीच बुडवू नका. आकड्यांच्या रेघा फिकट होतात आणि मापही जातं. तेल आणि अगदी बारीक स्टील वूल, तेही मोजमापाच्या कडा सोडून. क्रोमचा मुलामा उडालेल्या पान्यांच्या कडा वस्तऱ्यासारख्या असतात, हातमोजे घाला.

उघड्यावर राहणाऱ्या वस्तूला, म्हणजे फाटकाला, बैलगाडीच्या कामाला, कुळवाच्या लोखंडाला तेल पुरत नाही. साफ झाल्यावर तेल न लावता, पूर्ण वाळवून, त्याच दिवशी रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर ऑइल पेंट. दुसऱ्या दिवसावर टाकलं तर रात्रीची ओल रंगाखाली राहते आणि पुढच्या पावसाळ्यात रंग पापडासारखा उचलतो. कुळवाची पास मातीत जाते, तिच्यावर रंग टिकत नाही. तिला हंगाम संपल्यावर ग्रीसचा जाड थर.

कुठे ठेवायची

गोठ्यात नाही. शेण-मूत्राची वाफ लोखंड खाते. खताच्या पोत्यांच्या खोलीत तर मुळीच नाही. पोटॅश म्हणजे क्षारच, आणि सगळीच रासायनिक खतं हवेतली ओल ओढतात. फाटक्या पोत्यावर टेकवलेलं खोरं एका पावसाळ्यात चाळण होतं. जमिनीला टेकवून नको, ताज्या सिमेंटच्या भिंतीला चिकटवून नको, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तर नकोच, आत पाणी सुटतं. तेल लावून सुती कापडात गुंडाळा, हवेशीर फळीवर किंवा खिळ्याला टांगा. पेटीत ठेवायची असतील तर सिलिका जेलच्या पुड्या टाका. त्या वर्षातून एकदा मंद आचेवर तापवल्या की पुन्हा कामाला येतात. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तेलाचं फडकं फिरवा.

राहिली ती संडास धुवायच्या ॲसिडची बाटली. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, गंज पाच मिनिटांत निघतो आणि म्हणूनच लोकांना ते आवडतं. पण त्याची वाफ बुचातूनही झिरपते आणि फळीवरच्या प्रत्येक लोखंडी वस्तूवर बसते. हत्यारांच्या कपाटात ती बाटली असेल आणि कपाटातली न वापरलेली, तेल लावलेली हत्यारंसुद्धा का गंजतात हे कळत नसेल, तर आधी ती बाटली बाहेर काढा.